ताडाऐवजी भिंत

"बाई, ह्यो चुना नाय, निस्तं पानी हाय!" हरेश्वर शिडीवरून ओरडला आणि त्यानं कुंचा असा झटकला की खाली उभ्या असलेल्या दामूचं अर्धं डोकं भिजलं.

"तोंड मिट आणि डोळे पूस," असं म्हणत मी दामूला आधी टाकीपाशी नेऊन त्याचं डोकं धुतलं. "आणि हरेश्वर, पाणी आहे की चुना ते तासाभरानं सांग. आत्ता नको."

भिंत खरोखरच ओल्या राखेसारखी दिसत होती. मुलं कुंचा ओढत पुढे जात होती आणि मागे काहीच उरत नव्हतं. आदल्या दिवशी मी पिंपात कळीचा चुना भिजवला होता, तेव्हा तो खदखदा उकळताना पाहून ही सगळी गँग टाळ्या पिटत नाचली होती. त्या मानानं आजचं काम त्यांना फारच फिकं वाटत असणार.

करळबंदरच्या शाळेत मी एकटीच शिक्षिका. बरीच वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर टेकाडावर दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. समुद्राकडची भिंत लांबरुंद, नुकताच गिलावा झालेली. तालुक्याचा रंगारी इतक्या लांब यायला तयार नव्हता. मग मी वर्गातच विचारलं, "माझं घर कोण रंगवणार?" एकही हात खाली राहिला नाही. आधी चुन्याचे हात, त्यावर पिस्ता रंग, असं ठरलं. पिस्ता रंगाचा डबा ओट्यावर झाकून ठेवला होता आणि सकाळपासून सगळ्यांनी एकेकदा झाकण उचलून आत पाहिलं होतं.

सगळ्यांनी, सुगंधा सोडून.

ती घराच्या खाली, उतारावर उभी होती. रात्री वाऱ्याचा मोठा झपाटा आला होता आणि तिथला उंच ताड बुंध्यापासून मोडून आडवा झाला होता. मुलांनी येता येता त्याच्यावरून उड्या मारल्या होत्या. सुगंधा मात्र त्याच्या खुंटापाशी हातात कोरडा कुंचा घेऊन उभी.

"सुगंधा, ये ना गं! खालचा कोपरा तुझ्यासाठी ठेवलाय."

ती वर आली. चेहरा असा की मी हातातली बादली खाली ठेवली.

"बाई, ताड पडला," ती म्हणाली. "आता बापूस कशावर येल?"

शिडीवरच्या हरेश्वरनं वळून खाली समुद्राकडे पाहिलं. दामूनं डोळे पुसायचे थांबवले. एका क्षणात त्या सगळ्या मुलांना जे कळलं, ते मला कळायला जरा वेळ लागला, कारण मी घाटावरची.

करळबंदरच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली दोन कातळ आहेत. एकाला थोरली म्हणतात, दुसऱ्याला धाकटी. ओहोटीला त्यांची डोकी दिसतात, भरतीला काही दिसत नाही. दोघींच्या मधून होडी जाईल एवढीच वाट. आता तिथे सरकारी दिवा आहे. त्या काळी नव्हता. बाहेरून होडी आणणारा तांडेल किनाऱ्यावरचं देऊळ पाहायचा, त्याच्या मागे टेकाडावरचा ताड पाहायचा. ताड देवळावर आला की होडीचं नाक सरळ आत घालायचं. बापांनी मुलांना, त्यांनी त्यांच्या मुलांना एवढंच सांगितलं होतं: ताड देवळावर घ्यायचा.

"आज येणार आहेत का होड्या?" मी विचारलं.

"सांजच्या भरतीला," सुगंधा म्हणाली. "बरफ आजवरच पुरतो."

"ताड दिसला नाही तर बाहेर नांगर टाकून थांबतील की."

"माझा बापूस?" हरेश्वर शिडीवरून उतरला. "रातच्याला असं वारं झालेलं, त्यात मासळी भरलेली. कोन थांबतंय!"

"आमचा तर नायच थांबायचा," सुगंधा म्हणाली. तिचा बाप लखमा तांडेल सगळ्यांच्या पुढे असायचा. बाकीच्या होड्या त्याच्या मागोमाग. "अंदाजानं घालील आत. आणि त्याच्या मागनं सगळी."

गावात विचारायला कोण होतं? पुरुष सगळे समुद्रावर. बायका सुकट घेऊन सकाळच्या एसटीनं तालुक्याच्या बाजाराला गेलेल्या. मागे राहिलेले म्हातारे अंथरुणाला खिळलेले. किनाऱ्यावर एक होडी होती, पण तिचा तळ दुरुस्तीला उघडा पडलेला.

"नवा ताड उभा करू!" दामू म्हणाला.

"तू उभा राहा, केस तेवढे वर कर," हरेश्वर म्हणाला. कोणी हसलं नाही.

मी वर्गात करते तेच केलं. प्रश्न विचारला. "ताडाचं काम काय होतं?"

"ताडी द्यायचं."

"दामू!"

"दिसायचं," सुगंधा म्हणाली. "लांबनं दिसायचं. आणि देवळाच्या मागं असायचं."

"मग आता देवळाच्या मागे, लांबून दिसेल असं दुसरं काय आहे?"

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. झाडं. टेकाड. गवत. मग त्यांच्या नजरा एकामागून एक माझ्या घराच्या भिंतीवर येऊन थांबल्या. आणि ती भिंत, देवाशपथ, त्याच वेळी पांढरी व्हायला लागली होती. सकाळी पहिल्यांदा रंगवलेला कोपरा वाळला होता आणि उन्हात असा लखलखत होता की डोळ्यांवर हात धरावा लागला.

"आयशप्पत!" हरेश्वर म्हणाला. "पानी नव्हतं ते!"

मग काय झालं ते सांगताना मला आजही धाप लागते. कुंचे कमी पडले तर मुलांनी नारळाची सोडणं, म्हणजे वरची साल, ठेचून कुंचे केले. कोणी शिडीवर, कोणी पिंपावर, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर. चुना संपत आला की पाणी घाल, ढवळ, चुना धरून राहावा म्हणून मीठ टाक. हाताला चुना लागून चरचरलं की खोबरेल लाव आणि परत ये. मी ओरडत होते, "वरून खाली! डोळे सांभाळा!" आणि कोणी ऐकत नव्हतं, पण भिंत पुढे सरकत होती.

दुसरा हात लागला तेव्हा सुगंधा माझ्यापाशी आली. "बाई, भिंत लय रुंद हाय. ताड बारीक होता. देवळावर भिंतीचा कंचा भाग घ्यायचा त्यांनी?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पांढरी भिंत म्हणजे नुसती पाटी. तिच्यावर अक्षर कुठे होतं?

"मग काय करायचं?"

"मधी काळा पट्टा मारायचा. ताडासारखा. उभा."

काळा रंग माझ्याकडे होता. शाळेचा फळा दर दिवाळीत मीच रंगवायची, त्याचा डबा घरातच असायचा. दामू तो आणायला धावला आणि उंबऱ्यात अडखळून पडला, पण डबा त्यानं सोडला नाही.

"पट्टा मधोमध मारू," कोणीतरी म्हणालं.

"थांबा," मी म्हणाले. "भिंतीच्या मधोमध की देवळाच्या आणि ताडाच्या रेषेत?"

मी अंगणात काठीनं तीन टिंबं काढली. एक देऊळ, एक ताड, एक भिंत. "ही तीन टिंबं एका सरळ रेषेत आली पाहिजेत. होडीतून बघणाऱ्याला देऊळ, ताड आणि पट्टा एकावर एक दिसायला हवेत. मग ताड नसला तरी चालेल."

आता सगळ्यांना कामं मिळाली. दामूनं ताडाच्या खुंटाला उंच बांबू बांधला आणि सरळ धरला. हरेश्वर पळत पळत वाळूवर गेला. देवळाचा कळस आणि मागचा बांबू एकावर एक दिसतील अशा जागी त्यानं उभं राहायचं, आणि तिथून भिंतीकडे बघायचं. मी शिडीवर, हातात काळा कुंचा. मधे जागोजागी मुलं, हरेश्वरचा शब्द माझ्यापर्यंत पोचवायला.

"डावीकडं!" खालून आवाज आला.

"डावीकडं!" मधला.

"बाई, डावीकडं!" शेवटचा.

"कोणाच्या डावीकडे? त्याच्या की माझ्या?"

प्रश्न खाली गेला. उत्तर वर यायला इतका वेळ लागला की माझा हात आखडला. "त्यो म्हनतो, ज्या हातानं जेवतो त्याच्या उलटीकडं!"

शेवटी कुंचा जागेवर आला. खालून सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली आणि मी पट्टा ओढायला सुरुवात केली. वरून खालपर्यंत, हातभर रुंद. फळ्याचा काळा रंग त्या पांढऱ्यावर असा बसला की आम्ही सगळे मागे सरून बघतच राहिलो. कोणी नाचलं, कोणी कोलांटी मारली. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

वरचं टोक थोडं वाकडं राहिलं होतं. "मी करतो," म्हणत वाळूवरून परतलेला हरेश्वर निघाला, पण सुगंधा त्याच्या आधी शिडीवर चढली. तिनं टोक सरळ केलं आणि उतरण्यापूर्वी मान मागे वळवून समुद्राकडे पाहिलं.

ती उतरेना.

"सुगंधा?"

"बाई, ते आपल्याकडं बघनार, मंग आपन पन त्यांच्याकडं बघू की," ती सावकाश म्हणाली. "रेघ तीच ना?"

"तीच."

"मंग ही रेघ थोरलीवर जाते."

दुपारची ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी दोन्ही कातळ वर आले होते आणि त्यांच्यावर पांढरा फेस फुटत होता. मी शिडीवर तिच्या खालच्या पायरीवर चढले आणि तिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. खुंटावरचा बांबू, त्याच्या पलीकडे कळस, आणि कळसाच्या बरोबर पलीकडे, फेसाचा ढीग. थोरलीचं डोकं. वाट तिच्या शेजारी होती. दोन फेसांच्या मधे काळंशार, शांत पाणी.

 हा पट्टा पाहून होड्या आल्या असत्या तर आम्हीच त्यांना कातळावर बोलावलं असतं.

"पन ताड देवळावरच घेतात!" हरेश्वर रडकुंडीला आला. "आज्यानं सांगितलेलं!"

"देऊळ केवढं मोठं आहे रे," मी म्हणाले. "त्यातला कुठला भाग, ते सांगितलं होतं का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. कोणालाच सांगितलं नव्हतं. ते होडीत बसल्यावर दाखवायचं असतं आणि ही मुलं अजून होडीत बसायच्या वयाची नव्हती. सुगंधाला तर कोणी कधीच बसवणार नव्हतं. मुलगी होती.

"आता उलटं करू," मी म्हणाले. घाई करावीशी वाटत होती, पण वर्गात मी एक गोष्ट शिकले होते, की मुलांपुढे आपण घाबरलो तर ती विचार करायची थांबतात. "पाण्यातली वाट आपल्याला दिसते आहे. ताडाची जागा माहीत आहे. वाटेवरून सुरुवात करा. वाट, मग काय, मग बांबू?"

सुगंधा शिडीवरून उतरली आणि भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी बाजूला सरकू लागली. बांबू तिला एकेका वस्तूवर येताना दिसत असणार. कळस गेला. देवळाचं छप्पर गेलं. ती थांबली. एक पाऊल मागे आली.

"दीपमाळ," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "बाई, दीपमाळ! देवळाच्या म्होरची दीपमाळ! तिच्यावर बांबू येतो आनि वाट बरोबर मधी!"

सगळी मुलं भिंतीला पाठ लावून तिच्या जागी उभी राहायला झोंबू लागली. एकेकानं पाहिलं आणि एकेकाच्या तोंडून "हां!" निघालं. तिच्या डोक्यामागे मी रंगीत खडूनं खूण केली. काळ्या पट्ट्यापासून चार हातांवर. इथे चार हात, पण तिकडे समुद्रात तेवढ्यानं वाट आणि कातळ यांची अदलाबदल होत होती.

नवा पट्टा सगळ्यांनी मिळून ओढला. जुना पुसायला गेलो तर चुना त्याच्यावर ठरेना. ओल्या चुन्यातून आरपार दिसतं, आणि जिथे वाळला तिथे काळ्यावरून पोपडे निघाले. भिंतीवर आता दोन ताड उभे होते, एक खरा, एक खोटा. आणि पाणी चढू लागलं होतं.

"झाकायचा," दामू म्हणाला. "पांढऱ्या कापडानं."

माझ्याकडे झेंडावंदनाला नेसायचं एक पांढरं पातळ होतं. ते मी पेटीतून काढलं, वळचणीच्या खिळ्यांना बांधलं आणि खोट्या पट्ट्यावर लांब सोडलं. मुलांना ते इतकं आवडलं की क्षणभर ती होड्या विसरली.

"बाई, शाळेत काय नेसनार?"

"चुना," मी म्हणाले.

उन्हं उतरली तेव्हा हरेश्वरला पहिल्यांदा दिसलं. क्षितिजावर काळे ठिपके. पुढे एक, मागे बाकीचे.

एरवी होड्या दिसल्या की गावातलं प्रत्येक पोर धक्क्यावर पळतं. बापाच्या हातून पहिला मासा कोणाला मिळतो यावर भांडणं होतात. त्या दिवशीही सगळे पाय धक्क्याकडे वळलेच होते, इतक्यात समुद्रावरून वारा आला आणि माझं पातळ शिडासारखं फुगून वर उडालं. खाली खोटा पट्टा उघडा.

"धरा!" सुगंधा किंचाळली.

सगळी मुलं भिंतीवर तुटून पडली. कोणी पदर धरला, कोणी काठ. मोठ्यांनी वर, धाकट्यांनी खाली. वारा ओढत होता आणि ती मुलं भिंतीला चिकटून, पाय रोवून, ओठ चावून उभी होती. मी मधलं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं. सुगंधा खाली खुंटापाशी, बांबू सरळ धरून.

पुढची होडी खाडीच्या तोंडाशी आली आणि थांबली. इंजिनचा आवाज मंदावला. मागच्याही थांबल्या. पाणी आता सपाट होतं. थोरली नाही, धाकटी नाही. काही नाही.

"सुगंधाचा बापूस बघतोय," हरेश्वर कुजबुजला. जणू मोठ्यानं बोललं तर होडी दचकेल.

होडी थोडी उजवीकडे सरकली. परत थांबली. मग मागे गेली.

"चाललं परत," दामूचा आवाज फुटला.

"कापड सोडू नकोस," मी म्हणाले. 

मग होडीनं तोंड फिरवलं. आधी तिची एक बाजू दिसत होती, ती बारीक होत होत नाहीशी झाली आणि नुसतं नाक उरलं. ते नाक सरळ आमच्याकडे होतं. इंजिनचा आवाज वाढला. होडी आली, आली, जिथे फेस फुटत होता त्या दोन जागांच्या मधून सुईत दोरा जावा तशी आत आली, आणि तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी.

पातळ कोणी आणि कधी सोडलं, मला माहीत नाही. मी वळून पाहिलं तेव्हा भिंतीपाशी एकही मूल नव्हतं. उतारावरून चुन्यानं माखलेल्या भुतांची रांग आरडत ओरडत धक्क्याकडे निघाली होती, आणि त्यांच्या मागे मी, पदर खोचून, अनवाणी.

लखमा तांडेल धक्क्यावर उतरला तो आधी सगळ्या मुलांकडे एकेक करून बघत राहिला.  एसटीनं आलेल्या बायकाही धावत पोचल्या होत्या. सुगंधाची आई कुंदा सुकटीची पाटी डोक्यावर तशीच ठेवून उभी.

"ताड नाय दिसला तवा मी होडी थांबवली," लखमा म्हणाला. "भिंत दिसली. तिच्यावर काळं काय ते बी दिसलं. पन मना वाटलं, बाईनं नव्या घराला शोभा केली."

बायका हसल्या. मीही हसले.

"मंग कसं कळलं, बापूस?" सुगंधानं विचारलं.

"धक्क्यावर एक पोर नाय!" तो म्हणाला. "आजवर असं कवा झालंय? होडी आली आन् पोरं धक्क्यावर नायत. म्हटलं, पोरं हायत कुठं ती बघा आदी. तर सगळी त्या भिंतीला चिकटलेली. म्हटलं, ही पोरं खेळत नायत, ही कायतरी सांगतायत. मंग त्या काळ्या रेघेकडं नीट बघितलं. खाली दीपमाळ बघितली. दीपमाळ रेघेवर आनली, आनि वाट गावली." त्यानं कपाळ पुसलं. "दीपमाळ कोनी सांगितली तुमाला, बाई? हे तर आमी पोरांना होडीत बसल्याबिगर सांगत नाय."

"मला कोणी नाही सांगितली," मी म्हणाले. "सुगंधानं शोधली."

"कोनाला इचारून?"

"कोनाला नाय," सुगंधा म्हणाली. "पान्याला बघून."

लखमानं मुलीकडे पाहिलं. तिच्या वेणीत चुना, नाकावर काळा रंग, तळहात बांबूनं सोललेले.  त्यानं टोपलीतून मोठी सुरमई काढून तिच्या हातात दिली आणि हरेश्वर, दामू दोघंही बघत राहिले, भांडले नाहीत.

"उद्या सकाळी नवा पट्टा पान्यावरनं तपासला पायजे," तो म्हणाला. "ओहोटी लागली की. माज्याबरोबर चल."

"पोरीला होडीत?" कुंदाच्या डोक्यावरची पाटी हलली. "येडं लागलं काय? कवा कोनी नेली पोर?"

"तिनं भिंतीवरनं पानी बघितलं," लखमा म्हणाला. "आता पान्यावरनं भिंत बघू दे. तिच्यावाचून मना कसं कळंल, ती म्हनते ती रेघ हीच का?"

कुंदानं माझ्याकडे पाहिलं.  मी म्हणाले, "सकाळी तिला थंडी वाजेल. काहीतरी गरम घाला अंगात."

 सकाळी धक्क्यावर सुगंधा आली तेव्हा तिच्या अंगात बापाचा जुना स्वेटर होता, गुडघ्यांपर्यंत. सगळी मुलं जमली होती. लखमानं तिला काखेत धरून उचललं आणि होडीच्या नाकाशी उभं केलं. हरेश्वर ओरडला, "सुगंधे, डावं-उजवं नीट सांग गं!" आणि सगळे खो खो हसले.

इंजिन सुरू झालं. आम्ही हात हलवत होतो, हाका मारत होतो. तिला एकही ऐकू गेली नसावी. होडी धक्का सोडून लांब जात होती आणि ती नाकाशी उभी राहून, पाठ समुद्राकडे करून, भिंतीकडे बघत होती.